प्रार्थनेसारखे, पण प्रार्थना नव्हे

धर्माचा अवमान झाला अशी आरोळी उठली की दोघांचे काम फार सोपे होते. एक आरोळी ठोकणाऱ्याचे. आरोळी ठोकून झाल्यावर त्याने आणखी काही करावे, अशी अपेक्षा कोणी धरीत नाही. दुसरे अवमान विकणाऱ्याचे. त्याच्या मालाची दवंडी आता इतर लोक फुकटात पिटू लागतात. या दोघांच्या गलबल्यात मूळ प्रश्न बिचारा कोपऱ्यात पडून राहतो. आमच्या या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही एका नाचगाण्याच्या तबकडीची आणि तिच्या चित्रफितीची कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत. धर्मगुरूने असल्या विषयाला हात का घालावा, असे ज्यांना वाटेल त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

ही तबकडी अमेरिकन गायिका मॅडोना हिची. गाण्याचे नाव ‘लाइक अ प्रेयर’, म्हणजे ‘प्रार्थनेसारखे’. साल १९८९. मॅडोना हे काही रंगभूमीसाठी धारण केलेले टोपणनाव नव्हे. १९५८ साली मिशिगन राज्यातील बे सिटी येथे एका कॅथॉलिक कुटुंबात जन्मलेल्या या मुलीला आपल्या आईचेच नाव मिळाले होते. ती पाच वर्षांची असताना, १९६३ साली, आई कर्करोगाने वारली. ज्या गीतसंग्रहात हे गाणे आहे, तो संग्रह तिने आपल्याला प्रार्थना करावयास शिकविणाऱ्या त्या आईलाच अर्पण केला आहे. हा तपशील आम्ही मुद्दाम आरंभी देत आहोत. कोणा परक्याने बाहेरून येऊन आपल्या वेदीवर चिखलफेक केली, असा हा मामला नव्हता. घरातलीच एक मुलगी घरातल्या वस्तू घेऊन बाजारात उभी राहिली होती.

तीन तपांचा काळ लोटला, तरी ही तबकडी जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारातून हद्दपार झालेली नाही. उलट विनाइलची आवड नव्याने वाढू लागल्यापासून संग्राहक तिच्या नाना आवृत्त्या शोधीत असतात. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी वेगळी, नाचघरांसाठी शेप पेटिबोन याने ताल वाढवून व गाणे लांबवून सिद्ध केलेली बारा इंची वेगळी, आकाशवाणी केंद्रांना वाटलेली जाहिरातीची प्रत आणखी वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये तर आणखी एक नवल घडले. ज्या शीतपेयाच्या कंपनीने १९८९ साली या गायिकेची जाहिरात घाईघाईने मागे घेतली होती, त्याच पेप्सी कंपनीने आपल्या सव्वाशेव्या वर्षानिमित्त ती जाहिरात एमटीव्हीच्या पारितोषिक समारंभात मोठ्या अभिमानाने पुन्हा दाखविली. ज्या वस्तूवरून एकेकाळी रान पेटले, ती आता वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती झाली.

या गाण्याविषयी आजवर दोन पक्ष मांडले गेले. हे गाणे म्हणजे धर्मनिंदा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, ही तर आजच्या तरुण पिढीची भक्ती. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकले आहेत. पहिल्याने पाहायचे ते पाहिले नाही आणि दुसऱ्याने जे पाहिले त्याला नको तितके मोठे नाव दिले.

प्रथम घडलेल्या गोष्टी क्रमाने पाहू. २ मार्च १९८९ रोजी पेप्सीची जाहिरात अनेक देशांत दूरचित्रवाणीवर झळकली. तीत हे गाणे होते, पण जळत्या क्रूसांचा मागमूस नव्हता. मॅडोना आपल्या बालपणीच्या वाढदिवसाची जुनी फीत पाहते आहे, असा तो निरुपद्रवी देखावा होता. या सहकार्याचा मोबदला ५० लाख डॉलर ठरला होता. दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, एमटीव्हीने गाण्याची खरी चित्रफीत दाखविली. दिग्दर्शन मेरी लॅम्बर्ट यांचे. तो उपवासकाळातील शुक्रवार होता. जगभरच्या देवालयांत त्या दिवशी भाविक क्रूसाच्या वाटेची भक्ती करीत होते. संपूर्ण संग्रह २१ मार्चला बाजारात आला. झावळ्यांचा रविवार आदल्याच रविवारी होऊन गेला होता, म्हणजे तो पवित्र आठवड्यातील मंगळवार होता. व्यापाऱ्याने आपले पंचांग पाहूनच हा मुहूर्त धरला, असे आम्ही म्हणणार नाही. पण आपले पंचांग डोळ्यांआड करणे त्याला मुळीच जड गेले नाही, एवढे निश्चित.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. व्हॅटिकनमधून निषेधाचे सूर निघाले. इटलीत कॅथॉलिक संघटना खवळल्या. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे मुख्यालय असलेल्या ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ या संस्थेने पेप्सीवर बहिष्काराची हाक दिली. टेक्सासमधील एका कॅथॉलिक बिशपांनीही तोच मार्ग सुचविला. कंपनी घाबरली, जाहिरात बंद झाली. गायिकेकडे मात्र ५० लाख डॉलर तसेच राहिले. एप्रिलच्या २२ तारखेस हे गाणे अमेरिकेच्या विक्री व लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले व तीन आठवडे तेथेच राहिले. ब्रिटनमध्येही ते पहिल्या स्थानी पोहोचले. त्याच वर्षी एमटीव्हीच्या समारंभात प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक या चित्रफितीला मिळाले. त्या पारितोषिकाचे प्रायोजक होते पेप्सी. वाद निर्माण केल्याबद्दल गायिकेने व्यासपीठावरून कंपनीचे आभार मानले. आमच्या मते तिने निषेध करणाऱ्यांचेही आभार मानावयास हवे होते.

आता चित्रफितीत आहे तरी काय? ज्यांनी बहिष्काराच्या पत्रकांवर सह्या केल्या, त्यांतील किती जणांनी ती पूर्ण पाहिली असेल, याची आम्हांस शंका आहे. म्हणून कथानक थोडक्यात सांगतो. रात्रीची वेळ. काही गोरे गुंड एका स्त्रीवर हल्ला करतात. एक कृष्णवर्णीय तरुण तिच्या मदतीस धावतो. गुंड पळतात. पोलीस येतात आणि मदतीस आलेल्या त्या तरुणालाच बेड्या घालतात. हे सारे नायिकेने पाहिले आहे आणि तिने पाहिले, हे गुंडांपैकी एकाने पाहिले आहे. ती भयभीत होऊन धावत सुटते व एका लहानशा देवालयात शिरते. तेथे जाळीआड एका कृष्णवर्णीय संताची मूर्ती उभी आहे. तिचा चेहरा अटक झालेल्या तरुणाचाच. नायिका बाकावर पडते, तिला स्वप्न पडते. मूर्ती सजीव होऊन बाहेर पडते. नायिका एक खंजीर उचलते आणि तिच्या तळहातांवर प्रभूच्या जखमांसारखे घाव उमटतात. कृष्णवर्णीयांचा गायकवृंद गातो, नाचतो. जळणाऱ्या क्रूसांपुढे ती नाचते. संत आणि ती यांचे चुंबन दाखविले जाते. मग ती जागी होते, देवालयातून उठते, पोलीस चौकीत जाते आणि साक्ष देते. निरपराध तरुण सुटतो. शेवटी रंगमंचाचा पडदा, नटांचा प्रेक्षकांस मुजरा.

एवढ्या कथेतून निषेधकांनी काय उचलले? चुंबन, तळहातावरचे घाव आणि जळणारे क्रूस. या तिन्हींविषयी आम्हांसही बोलावयाचे आहे आणि ते आम्ही पुढे बोलू. परंतु निरपराध माणसाच्या हातांत पडलेल्या बेड्या कोणाच्याच डोळ्यांत खुपल्या नाहीत, ही गोष्ट आम्हांस अधिक भयंकर वाटते.

जळणारा क्रूस ही काही मेरी लॅम्बर्ट यांच्या कल्पनेची उपज नव्हे. १९१५ साली जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या डोंगरावर ‘कू क्लक्स क्लॅन’ या वंशद्वेष्ट्या संघटनेचे पुनरुज्जीवन झाले, ते क्रूस पेटवूनच. तेव्हापासून कृष्णवर्णीयांच्या दारात रात्री पेटलेला क्रूस म्हणजे ‘पळून जा, नाहीतर मराल’ असा निरोप होता. क्रूस पेटविणारे स्वतःस कट्टर ख्रिस्ती म्हणवीत. आणि आपल्या वाचकांनी हेही ध्यानी घ्यावे की, या संघटनेचा द्वेष केवळ कृष्णवर्णीयांपुरता नव्हता. ज्यू आणि कॅथॉलिक हेही त्यांचे शत्रू. १९२८ साली आल्फ्रेड स्मिथ हे कॅथॉलिक गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा क्लॅनने त्यांच्याविरुद्ध आकाशपाताळ एक केले होते. म्हणजे तो पेटता क्रूस एके काळी आपल्या बांधवांच्याही उरात धडकी भरवीत होता.

ज्या मिसिसिपी राज्यातून बहिष्काराचे पत्रक निघाले, त्याच राज्यात १९६४ साली मतदानाच्या हक्कासाठी झटणारे तीन तरुण कार्यकर्ते क्लॅनच्या हातून मारले गेले. १९६७ च्या खटल्यात त्या कटातील एक प्रमुख आरोपी दोषी ठरू शकला नाही, कारण पंचांपैकी एका व्यक्तीस धर्मोपदेशकाला दोषी म्हणवेना. तो मनुष्य फावल्या वेळात प्रवचने करीत असे. त्यास शिक्षा व्हावयास २००५ साल उजाडले. क्रूसाचा याहून मोठा अवमान आम्हांस तरी माहीत नाही. त्या अवमानाविरुद्ध बहिष्काराची पत्रके निघाल्याचे स्मरत नाही. चित्रपटातला क्रूस कागदी होता, पुठ्ठ्याचा होता. मिसिसिपीतील क्रूस खऱ्या लाकडाचे आणि त्यांच्या धगीत भाजलेली माणसेही खरी होती.

यावर काही वाचक म्हणतील, ख्रिस्तसभा वंशद्वेषाविषयी गप्प होती काय? मुळीच नव्हती. या गाण्याच्या दहा वर्षे आधी, १९७९ साली, अमेरिकेच्या बिशपांनी ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स टू अस’ या प्रेषितकार्यपत्रात वंशद्वेष हे पाप आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. शिकवण होती, लेखी होती, अधिकारवाणीची होती. पण त्या पत्राची आठवण मार्च १९८९ मध्ये किती जणांना झाली? पत्राची घडी मोडायची ती जागा चालून आली होती. ‘चुंबन आम्हांस मान्य नाही, परंतु या बेड्यांविषयी तुम्ही जे दाखविता ते सत्य आहे आणि आमचे बिशप तेच सांगत आले आहेत,’ असे एक वाक्य कोणी उच्चारले असते, तर ख्रिस्तसभेची मान उंचावली असती. ते वाक्य आम्हांस कोठेही ठळकपणे ऐकू आले नाही.

आणि हा प्रश्न केवळ चित्रफितीतला नव्हता. हे गाणे पहिल्या क्रमांकावर चढण्याच्या तीनच दिवस आधी, १९ एप्रिल १९८९ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला. चौदा ते सोळा वर्षे वयाची पाच मुले, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची, पकडली गेली. त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आले, शिक्षा झाल्या, तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली. खरा गुन्हेगार पुढे निराळाच निघाला आणि डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने त्या शिक्षा रद्द ठरविल्या. शहरातील तरुण ज्या कथेवर नाचत होते, ती कथा त्याच शहरात, त्याच दिवसांत खऱ्या मुलांच्या अंगावर कोसळत होती. फरक इतकाच की, त्यांच्यासाठी देवालयातून उठून चौकीत जाणारी साक्षीदार कोणी नव्हती.

इथवर वाचून काहींना वाटेल की, आम्ही या गायिकेचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. आता आम्ही दुसऱ्या पक्षाकडे वळतो.

या गाण्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत एक मातब्बर नाव होते. शिकागोचे धर्मगुरू, समाजशास्त्रज्ञ व कादंबरीकार फादर अँड्र्यू ग्रीली यांनी मे १९८९ मध्ये येशूसंघीयांच्या ‘अमेरिका’ या साप्ताहिकात लेख लिहून मॅडोनाची पाठराखण केली. कॅथॉलिक मन सृष्टीतील वस्तूंत, देहात आणि मानवी प्रेमातही परमेश्वराच्या कृपेची खूण पाहते, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. ही चित्रफीत त्यांना त्याच कॅथॉलिक कल्पनाशक्तीचे अपत्य वाटली. फादर ग्रीलींच्या व्यासंगाविषयी आम्हांस आदर आहे आणि त्यांच्या म्हणण्यातील निम्मे आम्हांस मान्यही आहे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस यांतून कृपा वाहते असे मानणारा आपला धर्म. तो देहाला तुच्छ लेखू शकत नाही.

चित्रफितीतील मूर्तीविषयीही कौतुकाचे दोन शब्द म्हणावयास हवेत. अनेक भाष्यकारांनी तीत संत मार्टिन दे पोरेस यांची छाया पाहिली आहे. १५७९ साली पेरू देशातील लिमा येथे एका स्पॅनिश सरदाराच्या व दास्यमुक्त कृष्णवर्णीय स्त्रीच्या पोटी ते जन्मले. वर्णामुळे डॉमिनिकन मठात त्यांच्या वाट्याला आधी नोकराची कामे आली. न्हाव्याचे काम, झाडू, रुग्णांची शुश्रूषा यांतून त्यांनी पावित्र्य गाठले. १६३९ साली त्यांना देवाज्ञा झाली. संत म्हणून मान्यता मिळावयास मात्र १९६२ साल यावे लागले, पोप तेविसावे जॉन यांची कारकीर्द यावी लागली. एरवी संतांच्या मूर्ती गोऱ्यापान रंगवून आपण मोकळे होतो. एका नाचगाण्याच्या निमित्ताने का होईना, कोट्यवधी तरुणांनी कृष्णवर्णीय संत वेदीजवळ उभा पाहिला, हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु फादर ग्रीलींना आमचा प्रश्न असा की, खूण कशाची आहे हे खुणेवरून कळावयास नको काय? आपल्या संस्कारांतील खूण स्वतःपलीकडे बोट दाखवते. या चित्रफितीत प्रत्येक खूण गायिकेकडे बोट दाखवते. संत जागा होतो तो तिच्यासाठी, गायकवृंद गातो तो तिच्याभोवती, क्रूस जळतात ते तिच्या नाचामागे. ज्या ज्वाळांनी कृष्णवर्णीय आयाबायांची झोप उडविली, त्या येथे नेपथ्य झाल्या. आंद्रे क्राउच यांच्या गायकवृंदाचा आवाज या ध्वनिमुद्रिकेत आहे. तो आवाज कृष्णवर्णीयांच्या देवालयांत दोनशे वर्षांच्या दुःखातून घडला आहे. त्या आवाजाने गाण्याला उंची दिली, तबकडीवर नाव मात्र एकीचेच चमकले.

तळहातांवरच्या घावांचेही तसेच. असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या देहावर उमटलेल्या प्रभूच्या जखमा या दीर्घ तपश्चर्येच्या व कुष्ठरोग्यांच्या सेवेच्या शेवटी आल्या. येथे त्या खंजिराच्या धारेने क्षणात येतात व पुढच्या दृश्यात त्यांची काही आठवणही उरत नाही. जखम हवी, पण ठणका नको. मूर्ती हवी, पण तिच्या मठातला झाडू नको. गाण्याचे नाव या बाबतीत फार प्रामाणिक आहे. हे प्रार्थनेसारखे आहे. प्रार्थनेत माणूस परमेश्वराच्या इच्छेपुढे वाकतो. ‘प्रार्थनेसारख्या’ वस्तूत वाकल्याचा आनंद तेवढा मिळतो, पाठीला कळ लागत नाही.

ज्यांच्याकडे ती सात इंची तबकडी आहे, त्यांनी ती उलटून पाहावी. दुसऱ्या बाजूवर ‘अ‍ॅक्ट ऑफ कॉन्ट्रिशन’ नावाचा तुकडा आहे. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आपण जी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, तिचेच हे नाव. पहिल्या बाजूच्या गाण्याची फीत उलटी फिरवून तिच्यावर गायिका ही प्रार्थना पुटपुटते आणि अखेरीस, आपली जागा राखून ठेवलेली असताना ती मिळत नाही म्हणून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाप्रमाणे, ओरडते. बहुतेक निषेधकांनी ही बाजू ऐकलीच नाही. आम्हांस तर हीच बाजू सर्वांत बोलकी वाटते. स्वर्ग म्हणजे पैसे भरून राखून ठेवलेली जागा आणि पश्चात्ताप म्हणजे तिची पावती! ही थट्टा कोणाची? आम्हांस वाटते, ती अर्धी आपलीच आहे. घाईघाईने प्रार्थना पुटपुटून ‘आमचे खाते चुकते झाले’ असे मानणारे कॅथॉलिक त्या लहान मुलीने आपल्या देवालयात पाहिले असावेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच सांगून ठेवले आहे की, श्रद्धावंतांच्या आचरणातील दोषांमुळेही परमेश्वराचा खरा चेहरा लोकांपासून झाकला जातो. १९६५ सालच्या या वचनाचा अर्थ कोणी शिकवावा लागत असेल, तर ही तबकडी उलटून वाजवावी.

आता संग्राहकांविषयी. जुन्या वस्तू जपणे हा निर्दोष छंद आहे. आजोबांची ग्रामोफोनची पेटी जपणाऱ्या घराविषयी आम्हांस प्रेमच वाटते. पण या बाजाराची रीत पाहण्यासारखी आहे. तबकडीची प्रतवारी लावतात. अस्पर्श असेल तर ‘मिंट’, जवळजवळ अस्पर्श असेल तर ‘निअर मिंट’. प्लास्टिकचे मूळ वेष्टण फुटले नसेल तर किंमत चढते. म्हणजे जे गाणे कधीच कोणी ऐकले नाही, त्याचे मोल सर्वांत अधिक! या गीतसंग्रहाच्या पहिल्या प्रतींना पाचोलीच्या तेलाचा सुगंध दिलेला होता, देवालयातील धुपाची आठवण व्हावी म्हणून. आपल्या बायका वेणीत जी पाच माळतात, तिच्याच कुळातील ही वनस्पती. तो वास अजून टिकला आहे की नाही, याची चौकशी करूनच गिऱ्हाईक आज पैसे मोजते. त्याच वेष्टणात एड्सच्या आजाराविषयी माहिती देणारे एक पत्रकही घातलेले होते. रुग्णांकडे समाज पाठ फिरवीत असताना ते पत्रक घालणे हे धैर्याचे काम होते व त्याचे श्रेय आम्ही गायिकेस देतो. पण वेष्टण फोडलेच नाही, तर ते पत्रक वाचणार कोण?

ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्याचे ११९० वे कलम संतांचे पवित्र अवशेष विकण्यास सक्त मनाई करते. हा नियम का झाला, हे इतिहास जाणणाऱ्यांना सांगणे नको. मध्ययुगात अवशेषांचा व्यापार मांडणारे आपल्यातलेच होते. वस्तू पवित्र ठरली की तिचे मोल चढते आणि मोल चढले की ती कडीकुलपात जाते, हा रोग आपल्या फार ओळखीचा आहे. म्हणून या तबकडीच्या बाजाराकडे बोट दाखविताना आपण जपून बोलावे. घरातील बायबल काचेच्या कपाटात ‘निअर मिंट’ अवस्थेत ठेवणारी कुटुंबे आपल्याही धर्मग्रामांत थोडी नाहीत.

शेवटी, आमच्या धर्मग्रामातील आईबापांशी दोन शब्द. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आपल्या घरांत आल्या आणि एमटीव्हीही आली. आता तर सारे जग मुलांच्या तळहातावर आहे. कोणते गाणे ऐकू नये, याची यादी मागायला काही पालक धर्मगुरूंकडे येतात. आम्ही अशी यादी देणार नाही. समाजसंपर्क माध्यमांविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली जे फर्मान काढले, त्यात या साधनांचा विवेकाने वापर करण्याची शिकवण आहे आणि विवेक यादीने येत नसतो. २००६ साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाविरुद्ध मुंबईत आपल्या समाजाने मोर्चे काढले, उपोषणे झाली. ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी सूचना जोडून चित्रपट प्रदर्शित झालाच. त्या उत्साहाची आम्ही टवाळी करीत नाही, त्यामागे श्रद्धेची कळकळ होती. आमचे म्हणणे एवढेच की, श्रद्धेची परीक्षा पडद्यापुढे कमी आणि पोलीस चौकीच्या पायरीवर अधिक होते.

जुलै २०२१ मध्ये आपल्याच वांद्र्यातील रुग्णालयात फादर स्टॅन स्वामी यांचे निधन झाले. आदिवासींमध्ये काम करणारे हे वयोवृद्ध येशूसंघीय ऑक्टोबर २०२० पासून अटकेत होते. त्यांच्याविरुद्धचा खटला सुनावणीस उभा राहिला नव्हता, दोष सिद्ध झाला नव्हता. हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, म्हणून त्यांना अर्ज करावा लागला होता. चित्रपटासाठी रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जण त्या पेल्यासाठी उतरले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. आणि प्रत्येक वेळी इतके मोठे प्रकरण लागत नाही. चोरीचा आळ येऊन शेजारच्या घरची मोलकरीण चौकीत बसविली जाते, परप्रांतीय मजुराला जमाव मारतो, अपघातानंतर गर्दी जमते आणि साक्षीदार म्हणून नाव द्यायची वेळ आली की पांगते. दया करणाऱ्या शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणसाला पाहून बाजूने निघून जाणारा पहिला मनुष्य कोण होता, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी विसरू नये.

‘मिस्सा’ हा शब्दच मुळी निरोपाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. उपासना संपते, ती पाठवणीने. या चित्रफितीत दोष पुष्कळ आहेत, ते आम्ही झाकलेले नाहीत. पण तिची नायिका देवालयातून उठते आणि जेथे निरपराध माणूस कोंडलेला आहे तेथे जाते, एवढी गोष्ट तिने बरोबर दाखविली. मग पडदा पडतो, नट मुजरा करतात आणि आपण पाहिले ते सारे नाटक होते, अशी प्रेक्षकांची समजूत पटते. नाटकवाल्यांना तेवढी सोय असते. मिस्साबलिदानाला पडदा नाही.

म्हणून पालकांना आमची सूचना अशी. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे गाणे लावले, तर यंत्र बंद करू नका. त्याच्या शेजारी बसा, चित्रफीत शेवटपर्यंत पाहा. चुंबन तुम्हांस का रुचले नाही, घाव खोटे का वाटले, तेही त्यास मोकळेपणाने सांगा. मग त्यास विचारा की, तू तिच्या जागी असतास आणि त्या गुंडाने तुझा चेहरा पाहिला असता, तर चौकीत गेला असतास काय? मुलगा बहुधा थोडा वेळ गप्प राहील आणि मग हाच प्रश्न तुम्हांला विचारील. त्याला काय उत्तर द्यायचे, याचा विचार आताच करून ठेवा.